चिऱ्याच्या घराला व्हिडिओ डोअरबेल: जुन्या बेलच्या वायरी चालतील का?

पर्वरी_बंगला

नमस्कार मंडळी. पर्वरीला सुकूरच्या बाजूला आमचे चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) बैठे घर आहे. दर्शनी बाजू पश्चिमेला, पुढे बाल्कांव (बसायचा ओटा असलेला व्हरांडा), तिथून चार पायऱ्या उतरल्या की अंगणात तुळस आणि साधारण १८ मीटरवर गेट. कुत्रा मोकळा असतो, त्यामुळे पोदेर (पाववाला), कुरिअरवाला, गॅसवाला सगळे गेटवरच थांबतात.

भावाने कॅनडाहून वायरीवर चालणारी व्हिडिओ डोअरबेल आणली आहे. तिच्यावर "१६–२४ व्होल्ट एसी" लिहिले आहे आणि खोक्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मरही आहे. बसवायला आलेला माणूस म्हणाला, दाराजवळच्या बेलच्या बटणाच्या दोन वायरी आहेत त्यांनाच जोडून देतो, अर्ध्या तासाचे काम आहे. मी थांबवले आहे. राउटर मागच्या खोलीत, मधे दोन भिंती.

१) जुन्या वायरींना जोडणे बरोबर आहे का?
२) बेल दाराला लावावी की गेटला?
३) बाल्कांवात पश्चिमेची झड थेट आत येते. पावसात टिकण्यासाठी काय करून घ्यावे? काम जूनच्या आधी उरकायचे आहे.

वायरमन_म्हापसा

ताई, थांबवलेत ते फार चांगले केलेत. आपल्याकडे घरच्या बेलच्या बटणात थेट २३० व्होल्टचा फेज असतो. बटणात दोन वायरी दिसतात त्यांतली एक फेज आणि दुसरी बेलकडे जाणारी. न्यूट्रल तिथे येतच नाही, तो वर बेलपाशी असतो. उत्तर अमेरिकेत बेलची वायरिंग मुळातच १६ ते २४ व्होल्टची असते, म्हणून तिकडच्या पुस्तिकेत "जुने बटण काढा, त्याच दोन वायरी जोडा" असे बिनधास्त लिहिलेले असते. इथे ते केले तर वीज चालू होताच आतले सर्किट जळेल, आणि धातूचे अंग असेल तर हात लावणाऱ्याला झटका बसेल.

दुसरे, खोक्यातला ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पाटीवर इनपुट काय लिहिलेय ते बघा. "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" असेल तर तो इथे लावायचाच नाही. २३० वर तो दुप्पट व्होल्टेज देईल आणि थोड्या वेळात धूर काढेल.

इथे घ्यायचा तो २३० व्होल्ट इनपुटचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर. दुकानात बहुतेक २४ व्होल्टचा पुढे करतात. मी १८ व्होल्ट, ३० व्हीए सुचवेन. कारण असे: पहाटे लोड उतरला की लाइन २५० पर्यंत चढते, आणि लहान ट्रान्सफॉर्मर मोकळा असताना पाटीवरच्यापेक्षा दहापंधरा टक्के जास्तच देतो. २४ चा मग २९ च्या घरात जातो आणि बेलची मर्यादा २४ ची. १८ चा अशा वेळी २२ च्या आसपास राहतो. जोडण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून मोकळ्या टोकांवर मोजून दाखवायला सांगाच.

ट्रान्सफॉर्मर घरात, डीबीजवळ (मुख्य स्विचच्या पेटीजवळ) किंवा वेगळ्या प्लास्टिकच्या पेटीत बसवावा. इनपुटला २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, आउटपुटला २ अँपिअरचा. त्याचे सर्किट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीखाली (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचखाली) आहे ना, ते पाहून घ्या. इन्व्हर्टरवर घ्यायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो.

वायर नवीन ओढा, १ चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन कोअरची. जुन्या पाइपातून बाल्कांवाच्या दिव्याची वायर जात असेल, आणि बहुतेक घरांत जातेच, तर त्या पाइपात ही वायर घालू नका. वेगळी केसिंग पट्टी मारा. दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, नाहीतर पुढचा वायरमन तिला २३० समजेल किंवा उलट.

जुनी बेल मात्र काढू नका. ती आहे तशी दाराजवळ चालू राहू दे. चवथीच्या (गणेशोत्सवाच्या) दिवसांत पाऊस आणि नेट जाणे हे एकदम होते, आणि अशा वेळी फक्त तीच वाजते.

चिरे_आणि_चुना

भिंतीचे सांगतो, कारण गोव्यात अशी कामे निम्मी भिंतीमुळे फसतात. चिरा वरून दगड दिसतो, पण आत मऊ आणि भोकाभोकांचा. हॅमर चालू ठेवून ड्रिल मारले की ६ चे भोक ९ चे होते, गिट्टी (स्क्रूचा प्लग) फिरत राहते आणि दोन महिन्यांत बेल हातात येते.

हॅमर बंद ठेवायचा, बिट धारदार, वेग कमी. आधी ६ मिलिमीटरचे भोक, मग ८ चे, खोली ७० मिलिमीटर. भोकातली लाल पूड फुंकून आणि बारीक ब्रशने पूर्ण काढायची. पूड राहिली तर गिट्टी कधीच पकडत नाही. ८ ची नायलॉनची गिट्टी, ६० मिलिमीटरचा स्क्रू. भोक ढासळलेच तर दोन भागांचे केमिकल अँकर भरावे. तेही नसेल तर सिमेंटचा घट्ट घोळ भरून तीन दिवस पाणी मारावे आणि मग पुन्हा भोक पाडावे. दर्जेत, म्हणजे दोन चिऱ्यांच्या सांध्यात, भोक कधीही पाडू नका. जुन्या घरांत तिथे माती किंवा चुनाच असतो.

स्क्रू स्टेनलेस ३१६ चे. पर्वरीत चालून जाईल असे वाटून ३०४ चे लावतात. पण कळंगुट, मिरामार, बायणा या पट्ट्यात त्यांवरही डाग येतात, आणि झिंकवाले तर एका पावसात गंजून गालफडासारखे फुगतात.

बेल थेट भिंतीला चिकटवू नका. पावसाळ्यात चिरा पाणी पितो आणि दसऱ्यापर्यंत सोडत राहतो. ती ओल मागून बेलच्या पोटात जाते आणि सकाळी काचेच्या आतल्या बाजूला धुके दिसते. मधे १० मिलिमीटरची डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाची) किंवा ॲक्रिलिकची पाटी घ्या, पाटीच्या मागे खाली दोन खाचा ठेवा. सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना, खाली नाही. चारी बाजू बंद केल्या तर शिरलेले पाणी निघणार कुठून?

सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचे मागा. व्हिनेगरसारखा वास येणारे घेऊ नका, ते तांबे आणि टर्मिनल खाते. वायरीचे भोक आतून बाहेर उतरते असावे, आणि बाहेर वायरीला खाली एक वळसा देऊन मग वर बेलमध्ये घ्यावी, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकते. सांधे जेल भरलेल्या कनेक्टरमध्ये. नुसती काळी टेप गुंडाळली तर वर्षाभरात आत तांबे हिरवे पडते.

आणि हुमले (लाल मुंग्या)! पाटीमागची जागा आणि ट्रान्सफॉर्मरची ऊब त्यांना फार आवडते. वायरीचे भोक पुटीने बुजवून टाका.

नेटवाला_फोंडा

दार की गेट, याचे उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. माणसे गेटवर थांबतात, तर दाराची बेल कोण दाबणार? पण भावाने आणलेली बेल १८ मीटरवर वाय-फायने चालवणे अवघड जाईल.

आधी मोजा. ज्या जागी बेल लागणार तिथे फोन भिंतीला टेकवून धरा, गेट आणि दार बंद ठेवा, वाय-फाय ॲनालायझरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा आकडा बघा. उणे ६० च्या आत असेल तर उत्तम. उणे ६७ पर्यंत चालते. उणे ७० च्या पलीकडे गेला की बेल वाजते, पण चित्र उघडायला दहा-बारा सेकंद घेते आणि तोवर कुरिअरवाला निघून जातो. चिऱ्याची भिंत ओली झाली की आकडा आणखी उतरतो, म्हणून मे महिन्यात काठावर असलेले जुलैत बंद पडते. मापताना ७–८ चे अंतर हातात ठेवा.

एक गोष्ट जी बाहेरून आणलेल्या बेलांत हमखास अडते: अमेरिका-कॅनडाचे उपकरण २.४ वर चॅनल १ ते ११ च ऐकते. आपला राउटर "ऑटो"वर १२ किंवा १३ निवडू शकतो, आणि मग बेलला नेटवर्क दिसतच नाही. लोक बेल खराब म्हणून परत पाठवतात. राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ कायमचे लावून ठेवा.

माझे मत: कॅनडाची बेल दाराला, आणि राउटरपासून बाल्कांवाच्या आतल्या भिंतीपर्यंत कॅट-६ (नेटवर्कची केबल) ओढून तिथे एक ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारा छोटा डबा). त्याची पीओई वायर म्हणजे वीज आणि डेटा एकाच केबलने. गेटला वेगळी, पीओईवरच चालणारी डोअर स्टेशन (कॅमेरा-बटणाची पेटी). कॅट-६ बाहेरच्या वापराची, काळ्या पीई आवरणाची, गेटपर्यंत एचडीपीई पाइपातून जमिनीखाली दीड फूट. १०० मीटरची मर्यादा असते, तुमचे १८ मीटर तर किरकोळ.

दोन वायरींवर गेटला वीज न्यायची असेल तर वरचे १ चौरस मिलिमीटर सोडू नका. जाऊन-येऊन ३६ मीटर, म्हणजे रोध साधारण ०.६ ओहम, रात्री आयआर दिवे (अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड) लागून १ अँपिअर घेतला तरी अर्धापाऊण व्होल्ट जातो. तेच ०.४ मिलिमीटरच्या टेलिफोन वायरीत ५ व्होल्ट जातात. ५ व्होल्टचा यूएसबी ॲडॅप्टर घरात ठेवून लांब केबल ओढलेली तर मुळीच चालत नाही. दिवसा ठीक वाटते, अंधार पडला की बेल दर पाच मिनिटांनी रीस्टार्ट होते.

गेटची वायर म्हणजे विजेला आमंत्रणच. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात पीओई स्विचचे पोर्ट उडतात. केबल घरात शिरते तिथे इथरनेट सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि त्याची अर्थ वायर घराच्या मुख्य अर्थिंगला जोडा, वेगळा खिळा ठोकून नव्हे. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा अर्थ पिटात पाणी घालून रोध मोजून घ्या.

पर्वरी_बंगला

सगळ्यांचे आभार. ट्रान्सफॉर्मरवर "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ"च आहे. गेटला बॅटरीवाली लावून भागेल का? खोदकाम टळेल.

मडगावकर_७

भागेल, पण पश्चिमेच्या उन्हात नाही. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांवर चार्ज होणे थांबवते, आणि काळे खोके दुपारी ३ ते ५ त्याच्या वर सहज जाते. सौर पाटी जोडली तरी नेमक्या तेव्हाच चार्जिंग बंद. वर रस्त्यावरची प्रत्येक स्कूटर सेन्सरला हलवते. खोदकाम नकोच असेल तर गेटच्या खांबाच्या सावलीतल्या, पण बाहेरून हात पोहोचेल अशा तोंडाला, वर पत्र्याची छोटी छपरी देऊन लावा आणि हालचालीचा टप्पा गेटपुरता आखा.

उंची जमिनीपासून १२० सेंटिमीटर. डोळ्याच्या उंचीला लावली की पार्सल आणि लहान मुले दिसत नाहीत. दाराला मात्र जोत्याची पायरी धरून मोजा आणि १५ अंशांचे कलते पाचर खाली झुकवून घाला, नाहीतर अर्धे चित्र आभाळाचे येईल आणि संध्याकाळी चेहरे काळे. बाजूला पांढरा खांब एक फुटाच्या आत असेल तर रात्री आयआरचा उजेड त्यावरून परत फिरतो आणि सगळे दुधाळ दिसते.

तुळस दाराच्या नजरेत असेल तर सांजदिव्याची ज्योत उष्णतेच्या सेन्सरला चालते-फिरते माणूस वाटते. तेवढा चौकोन झोनमधून वगळा. शेजाऱ्याचे बाल्कांव दिसत असेल तर प्रायव्हसी झोनने तेही झाका.

वायरमन_म्हापसा

पैसे देण्याआधी त्याच्यासमोर एवढे करून घ्या. बेल रात्री, आयआर चालू असताना दाबून बघा आणि तेव्हा बेलच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. १६ च्या खाली नको. मेन बंद करून पुन्हा चालू करा, दोन-तीन मिनिटांत बेल आपोआप नेटवर आली पाहिजे. बादलीने नव्हे, झारीने वरून पाच मिनिटे पाणी सोडा, मग पाटी उघडून मागे कोरडे आहे का पाहा.

आणि ॲपचे खाते. बसवणारे घाईत स्वतःच्या फोनवर खाते उघडून तुम्हाला "शेअर" करून देतात. मालकीचे खाते तुमच्या नंबरवर, तुमच्या हाताने उघडा, पासवर्ड तुम्ही टाका, दोन टप्प्यांची खात्री चालू करा, आणि तो माणूस गेटबाहेर पडण्याआधी यादीत त्याचा फोन राहिलेला नाही हे बघा.