मदत हवी आहे : टेडी वेदरफर्डची चिरलेली तबकडी

शिकागोत १९२६ साली जाझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या साथीने वाजवणारा, पुढे शांघाय, मुंबईचे ताजमहाल हॉटेल आणि कलकत्त्याचे ग्रँड हॉटेल गाजवून १९४५ साली कलकत्त्यातच पटकीने दगावलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड माझ्या वडिलांचा अत्यंत लाडका होता. (“डावा हात ऐक,” असे ते दर वेळी बजावत.) या महिनाअखेरीस मी निवृत्त होऊन दादरचे बिऱ्हाड नाशिकला हलवत आहे. आवराआवरीत त्याची, कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालेली, मिनिटाला ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी हाती आली. परंतु तिला काठापासून लेबलपर्यंत केसासारखी चीर गेली आहे. चीर न वाढवता तिचे डिजिटल रूपांतर करू शकणारे, जुन्या तबकड्यांसाठीची जाड सुई बाळगणारे कोणी मुंबईत वा नाशिकमध्ये आपल्या माहितीत आहे काय? तोवर ती उभी ठेवावी की आडवी, हेही कृपया सांगावे.