मदत हवी आहे: कमी ऐकू येतं म्हणजे काय, हे घरच्यांना कसं समजावू?

नमस्कार. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, चार वर्षांपासून यंत्र वापरते. चष्मा लावला की दिसतं, तसं यंत्र लावलं की ऐकू येणारच, असं घरच्यांनी धरून ठेवलंय. पण यंत्र सगळेच आवाज मोठे करतं: पंखा, भांडी, टीव्ही. त्यातून बोलणं वेचायचं काम माझंच. ओठांवरून ओळखावं तर प, ब, म तिन्ही सारखेच दिसतात. ‘पाय’ की ‘माय’, अंदाजच बांधायचा. संध्याकाळपर्यंत डोकं पार शिणतं.

काल जेवताना सगळे हसले. काय झालं विचारलं, तर नवरा म्हणाला, “काही नाही गं, सोड.” हे ‘सोड’ फार लागतं. पुन्हा विचारलं की आवाज चढतो, आणि ओरडलं की शब्द आणखीच फाटतात. (सासूबाई मात्र समोर येऊन सावकाश बोलतात. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं!)

न भांडता हे घरी कुणी समजावलंय का? नेमकं काय सांगितलंत? नवऱ्याला ऑडिओलॉजिस्टकडे (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे) सोबत नेल्याचा कुणाला उपयोग झाला का?