कामात असताना कुणी हाक मारली तर?

ठाणे-नवी मुंबईकरांनो, ऑफिस असो, गाळा असो, वॉर्ड असो की घर, मध्येच कुणी तोडलं की तुम्ही परत कामाला कसे लागता? 'फोन बंद ठेवा' हा सल्ला नको, तो ज्याला परवडतो त्याला परवडतो. प्रत्यक्ष काय करता ते लिहा. सुरुवात मीच करते.

मी घोडबंदर रोडला घरून मुद्रितशोधन करते. प्रूफ वाचताना नजर अक्षरावर असते, गोष्टीवर नाही, आणि ती नजर बेल वाजली की गेलीच. त्यात इंटरकॉम: "मॅडम, समोरच्यांचं पार्सल आलंय, तुमच्याकडे ठेवू का?" घरात असलेली बाई म्हणजे रिकामी बाई, हा हिशोब आमच्या सोसायटीत अजून मिटलेला नाही. तर, उठायच्या आधी ओळीखाली पट्टी आणि तपासलेल्या शेवटच्या शब्दावर लाल टिंब. बेल वाजत राहू दे, टिंब आधी. समासात नुसतं प्रश्नचिन्ह ठेवत नाही, 'ऱ्हस्व?' किंवा 'साल बघ' असं लिहिते. नुसत्या प्रश्नचिन्हावरून आपल्याला काय खटकलं होतं ते नंतर आठवत नाही. परत आल्यावर दोन ओळी मागून सुरुवात.

स्टाफ नर्स, ठाणे
ताई, आमच्याकडे दोन ओळी मागून चालत नाही, पहिल्यापासूनच. इन्सुलिन भरताना "सिस्टर, सलाईन संपलं" ऐकून मान वळली की ती सिरिंज बाजूला आणि पुन्हा श्रीगणेशा. मिलीलीटरला ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरलं, तर डोस अडीचपट जातो. नातेवाइकांना हे दिसत नाही, त्यांना वाटतं सिस्टरला माज आहे. मी मान वर न करता "थांबा, औषध भरतेय" म्हणते. नुसतं "थांबा" म्हटलं की भांडण. कारण जोडलं की बहुतेक जण थांबतात. आणि इन्सुलिन, हेपॅरिनला (रक्त गोठू न देणारं औषध) दुसऱ्या सिस्टरची नजर हवीच.

सॉफ्टवेअर, ऐरोली
"हाय." आणि पुढे काहीच नाही! मी कोड सोडून त्याच्या 'टायपिंग…'कडे बघत बसतो. अरे बाबा, काय हवंय ते एका दमात लिही ना.
आमची टीम न्यूयॉर्कला, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे दुपारपर्यंत तिकडे सगळे झोपलेले, छळतात ते इथलेच. मॅनेजरला सांगून कॅलेंडरवर सकाळचे दोन-अडीच तास अडवून घेतले. लोकांनी नेमक्या तिथेच मीटिंगा टाकल्या. सरसकट नकार द्यायला लागलो तेव्हा सुधारले.
पोमोडोरो मला जमलं नाही. फ्रांचेस्को चिरिल्लो या इटालियनाने कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून काढलेली पद्धत: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. बग शोधताना पंचविसाव्या मिनिटाला कुठे सुगावा लागतो, आणि तेवढ्यात घंटा.

टॅक्स कन्सल्टंट, नौपाडा
जीएसटीची रिटर्न्स: ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न). १८-१९ ला फोन: "झालं का माझं?" बिलं मात्र पाठवलेली नसतात. आता मीच सकाळी प्रत्येकाला त्याचं काय बाकी ते व्हॉट्सॲप करतो. फोन निम्म्यावर आले.

फळांचा गाळा, वाशी मार्केट
तुम्ही लोक नशीबवान. आमच्याकडे मध्ये बोलतो तोच गिऱ्हाईक! हापूसच्या सीझनला गाडी उतरतेय, हमाल विचारतोय "कुठं लावू?", देवगडहून बागायतदाराचा फोन, "भाव काय लागला?" आणि माझी पट्टी, म्हणजे बागायतदाराच्या मालाचा हिशोब, चाललेली. मी आकडा लिहितानाच मोठ्याने म्हणतो: "बारा पेट्या, पाच डझनी!" समोरच्याला कळतं की मोजणी सुरू आहे, तो आपोआप गप्प होतो. बेरजा मात्र बाजार उठल्यावर, शटर अर्धं ओढून. पट्टी चुकली तर माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्या गाळ्यावर माल टाकतो.

प्राध्यापिका, नेरुळ
लाल टिंबाला पाठिंबा. एक काम अर्धवट सोडून दुसरं घेतलं की मन पहिल्यातच रेंगाळतं, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये मांडलं. पुढे २०१८ च्या अभ्यासात त्यांना आणि थेरेसा ग्लॉम्ब यांना दिसलं की, सोडण्याआधी 'परत आल्यावर इथून पुढे' असं थोडक्यात लिहून ठेवलं तर मध्ये आलेल्या कामाकडेही नीट लक्ष देता येतं. म्हणून पेपर तपासताना विद्यार्थी दारात आला की मी आधी दोन शब्द खरडते, मग म्हणते, "ये, बस."

स्टाफ नर्स, ठाणे
वाशीवाले दादा, तुमची मोठ्याने म्हणायची युक्ती घेतली. उद्यापासून युनिट मोठ्याने म्हणत भरणार, पलीकडच्या सिस्टरलाही ऐकू जाईल.