मांडवीवर फक्त चालण्यासाठी पूल? आधी नदी बघा!

मांडवीकाठ
काल एकाने अहमदाबादच्या, साबरमतीवर फक्त चालण्यासाठी बांधलेल्या अटल पुलाचा फोटो टाकून लिहिलं, "पणजी ते बेती असा पूल पाहिजे, गोव्याला कल्पनाशक्तीच नाही." (बेती म्हणजे पणजीसमोरचा, मांडवीचा पलीकडचा काठ.) खाली बदामांचा पाऊस. माझं उत्तर तिथे मावेना, म्हणून वेगळा धागा.

पूल देखणा आहे, वाद नाही. पण खालची नदी कुठली? साबरमतीत नर्मदेचं पाणी सोडून वासणा बंधाऱ्याने अडवलंय. ना भरती-ओहोटी, ना बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी. मांडवीतून खनिजाच्या बार्जी जातात, मालीम धक्क्याचे मासेमारीचे ट्रॉलर जातात. त्यांना वाट ठेवायची तर पूल उंच बांधावा लागणार. म्हणजे बेतीच्या आजीने मासळीची पाटी घेऊन आधी डोंगर चढायचा, मग नदी ओलांडायची. लिफ्ट लावू म्हणाल, तर खाऱ्या हवेत ती पहिल्या पावसाळ्यातच बंद पडेल. शिवाय अहमदाबादला तिकीट आहे, 2022 मध्ये पूल उघडला तेव्हा 30 रुपयांत अर्धा तास. आमच्या फेरीबोटीत पायी माणसाला आजही फुकट.

आणि त्या अटल पुलासारखी काचेची जमीन! व्हेनिसला वास्तुविशारद कालात्रावाचा पूल 2008 साली झाला, लोक घसरून पडले, शेवटी काच काढून दगड बसवायचं ठरलं. स्पेनमधल्या बिल्बाओलाही त्याच्याच पुलावर काचेवर रबरी पट्टा अंथरावा लागला. इथे वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस. शेवाळ तर पायरीच्या चिऱ्यालाही सोडत नाही.

पाटोवाला
फोटो टाकणारा मीच. काचेचा आग्रह मी कुठे धरला? इंग्लंडमधल्या गेट्सहेडचा पूल बघा, 2001 चा. चालण्यासाठी आणि सायकलींसाठी. बोट आली की अख्खा पूल कलतो आणि वाट मोकळी होते. बार्जचा प्रश्न तिथे सुटला, इथे सुटणार नाही कारण आपण आधीच "नको" म्हणून बसलोय. गाड्यांसाठी इथे मांडवीवर अटल सेतू झाला, जुवारी नदीवर नवा झाला. दुचाकीला अटल सेतूवर बंदी, पायी माणसाचं तर नावच काढू नका. चालणाऱ्याने काहीतरी सुंदर मागितलं की लगेच तुम्हाला आजीची पाटी आठवते.

मांडवीकाठ
गेट्सहेडचा पूल 126 मीटर. मांडवीचं पात्र पणजीला त्याच्या कितीतरी पट. मोजून या.

पाटोवाला
सगळा पूल कलवा असं कोण म्हणतंय? मधला एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, उघडला की झालं. वाचून या.

कॅसिनो_हटाव
आधी नदीतली ती तरंगती जुगारघरं हलवा. नाहीतर या सुंदर पुलावरून दिसणार काय? त्यांच्या दिव्यांच्या पाट्या!

सांगेकर
आपल्या गोव्यातलं सावर्डे विसरलात का सगळे? 18 मे 2017. पोर्तुगीज काळातला पादचारी पूल, वापरासाठी बंद केलेला. एकाने नदीत उडी मारली, त्याचा शोध चालू होता, बघायला लोक त्याच पुलावर चढले आणि पूल गेला. माझा मावसभाऊ काठावर उभा होता. आजही त्याला तो विषय काढलेला चालत नाही. जुना पूल पाडून टाकायला आपल्याला जमत नाही आणि नव्याचे फोटो बघतोय.

पाटोवाला
तो पूल दुर्लक्षाने गेला, देखणा होता म्हणून नव्हे. लंडनचा मिलेनियम पूल जून 2000 मध्ये उघडला आणि माणसांच्या चालीने डोलायला लागला. दोन दिवसांत बंद केला, धक्के शोषणारी यंत्रणा बसवली, 2002 मध्ये पुन्हा सुरू केला. चूक झाली तर दुरुस्त करतात.

सांगेकर
तिथे करतात. आपल्याकडे "पूल बंद आहे" हा फलक म्हणजेच दुरुस्ती.

बेतीची_लेक
फेरीचं कौतुक करणाऱ्यांनो, 5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल कोसळला तेव्हा मी शाळेत होते. नवा पूल व्हायला 1992 उजाडलं. तोवर आमच्यासाठी नदी म्हणजे फेरीच. भर पावसात धक्क्यावर रांग, दप्तर आईच्या छत्रीखाली, आम्ही चिंब. फेरी फुकट होती, ताप मात्र फुकट नव्हता.

चोडणची_सून
+१. फेरीचे गोडवे पणजीत राहणारे गातात. आमचं चोडण म्हणजे मांडवीतलं बेट. सासऱ्यांना रात्री छातीत कळ आली तेव्हा फेरी पलीकडच्या काठाला. मये गावावरून रस्त्याने वळसा घालून नेलं. वाचले, पण त्या रस्त्यावर मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आता 2025 पासून रो-रो, म्हणजे गाड्या थेट चढवता-उतरवता येणारी मोठी फेरी, आली, बरं झालं. पण पूल तो पूल.

दिवाडीचा_दर्यावर्दी
चोडणला हवा तर चोडणने घ्यावा. आमच्या दिवाडी बेटाला नको. पूल आला की मागोमाग बिल्डर येतो, मग खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, भराव, मग शेताच्या जागी कुंपण. फेरी हीच आमची वेस.

चोडणची_सून
वेस! तुमच्या घरात आजारी कोणी नाही वाटतं? ऐन वेळी "निसर्गरम्य" म्हणत बसा.

दिवाडीचा_दर्यावर्दी
घरातल्यांवर येऊ नका. माझी आई ब्याऐंशीची आहे, तिलाही पूल नको.

चोडणची_सून
त्यांना विचारलंत की त्यांच्या वतीने तुम्हीच ठरवलंत?

मांडवीकाठ
अहो, चोडण-दिवाडी गाड्यांच्या पुलाबद्दल भांडताय. धागा पायी पुलाचा आहे.

बेतीची_लेक
मग पायी पुलावरच बोला ना. तुम्ही आजीची पाटी पुढे केलीत म्हणून फेरी निघाली. आणि मासळी आता टेम्पोने येते.

मांडवीकाठ
हं. पाटी मागे घेतो, आजी नाही. गुडघे तिचे तसेच आहेत.

पाटोवाला
गुडघ्यांसाठी लांब, हलका उतार ठेवू. खालून खाडीचा वारा, मध्ये बसायला बाक. भरतीच्या वेळी थांबून नदी बघता येईल असं सध्या आपल्याकडे आहे कुठे?

कॅसिनो_हटाव
पुन्हा सांगतो, दिसणार ते कॅसिनोच.

मांडवीकाठ
ठीक आहे पाटोवाले, देव बरें करूं. काच नाही, तिकीट नाही, गंज धरणार नाही असं पोलाद, वर पावसासाठी छप्पर आणि फेरी बंद होणार नाही हे लेखी. एवढं द्या, मग रंग तुमच्या आवडीचा.

पाटोवाला
छप्पर? फोटोत पूल बसस्टॉपसारखा दिसेल.

सांगेकर
जुलैत छत्री उलटी झाली की फोटो आम्ही काढू तुमचा.