नावाआधी तिसऱ्या वर्षाचे विषय वाचा

‘इंजिनिअरिंगला नावाजलेलं कॉलेज मिळतंय, मग शाखा कोणतीही चालेल’ हे मला अजिबात पटत नाही. नावडता विषय दुसऱ्या वर्षी ओझं होतो, आणि तेव्हा शाखा बदलायला जागा सहसा मोजक्याच असतात. आधी अभ्यासक्रमातले शेवटच्या दोन वर्षांचे विषय वाचा. पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. मग तिथल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना विचारा: प्रात्यक्षिकाला एका उपकरणावर किती जण असतात? शंका घेऊन गेलं तर शिक्षक भेटतात का? कॉलेजने नोकरी लागलेल्यांच्या पगाराचे आकडे दाखवले तर सरासरीऐवजी मध्यक (पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) मागा, तोही तुमच्या शाखेचा. दहापैकी नऊ जणांना ४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले, तरी सरासरी ८ लाख दिसते! मध्यक मात्र ४ लाखच राहतो.