एका प्रकल्पाच्या पैशातून दुसऱ्याचे पगार: चालतं का?

दादरचा हिशेबनीस
समजा, एका स्वयंसेवी संस्थेची मानखुर्दची बालवाडी कंपनीच्या सीएसआरवर (समाजकार्यासाठी कंपनी देते त्या पैशावर) चालते आणि दुसरा हप्ता दोन महिने रखडलाय. त्याच वेळी आरोग्य प्रकल्पाचे चार लाख खात्यात पडून आहेत. संचालक म्हणतात, "यातून पगार काढा, हप्ता आला की वळते करू." माझं मत स्पष्ट आहे: काढू नयेत. मार्चअखेर आरोग्य प्रकल्पाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामालाच खर्च झाला असा दाखला) द्यायचं असतं आणि पैसे परत आलेले नसतात. मग बालवाडीच्या बाईंचा पगार आरोग्य सेविकेच्या नावाने दाखवला जातो, औषधांच्या बिलांच्या तारखा पुढेमागे होतात. कुणी खिशात एक रुपया घातलेला नसतो, तरी व्हाउचर खोटं झालेलं असतं.

गोवंडीची कार्यकर्ती
दादा, हप्ता कंपनी लांबवते आणि भाडं थकतं ते सेविकेचं. नैतिकतेचा सगळा भार सर्वांत कमी पगाराच्या बाईवर का? शिवाय ऑफिसचं भाडं, हिशेबनीसाचा पगार, ऑडिटची फी कुणालाच द्यायची नसते. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, पण तीच संस्थेच्या बजेटवर लादली जाते. हात मोकळा राहील असा पैसा उरतोच कुठे? अशा वेळी दोन महिने उसने घेतले तर त्याला मी गैरव्यवहार म्हणणार नाही.

ऑडिटवाला, ठाणे
ताई, देशी पैशाबद्दल वाद घालता येईल. एफसीआरएच्या, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखाली आलेल्या पैशाबद्दल नाही. २०१०च्या कायद्याप्रमाणे तो ज्या कामासाठी आला त्याच कामाला लावायचा. आणि त्या खात्यात विदेशी देणगीशिवाय दुसरा पैसा भरता येत नाही. म्हणजे उसने काढले हा एक भंग आणि देशी खात्यातून परत भरले की दुसरा. "वळते करू" हा मार्गच तिथे बंद आहे. २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आलीय. नोंदणी गेली तर एका हप्त्याचा नाही, सगळ्याच कामाचा प्रश्न उभा राहतो.

एक विश्वस्त, परळ
देशी पैशापुरतं सांगतो. नियम आधी लिहून ठेवा, अडचण आल्यावर नाही. तीन महिन्यांच्या पगाराइतका राखीव निधी कुणी अट न घातलेल्या देणग्यांतून बाजूला काढा आणि उसनवारी आधी त्यातूनच करा. तोही संपला तर ज्याचा पैसा आहे त्या देणगीदाराची ईमेलवर संमती घ्या, विश्वस्तांचा ठराव करा आणि परतीची तारीख ३१ मार्चच्या आतली ठेवा. खतावणीत "बालवाडीकडून येणे" असं वेगळं खातं उघडा, म्हणजे ऑडिटरला ते उघड दिसेल. चेकवर संचालकाबरोबर पगार न घेणाऱ्या एका विश्वस्ताची सही हवी. आणि इथेच गाडं अडतं: विश्वस्त बदलून वर्ष झालेलं असतं, ९० दिवसांत द्यायचा बदल अर्ज वरळीला धर्मादाय कार्यालयात गेलेलाच नसतो आणि बँकेत सही अजून जुन्याच माणसाची चालते. तो कोरे चेक सही करून ठेवतो!

दादरचा हिशेबनीस
ठराव मान्य, पण तो मागाहून लिहिला जातो त्याचं काय? इतिवृत्ताच्या वहीत दोन सभांच्या मध्ये जागा सोडलेली असते, ऑडिटच्या आठवड्यात तिथे ठराव भरतात. अशा संस्थेला उसनवारीची सवलत देणं मला धोक्याचं वाटतं. ठराव त्याच दिवशी सगळ्या विश्वस्तांना ईमेलने गेला तरच मी तो धरीन. आणि शिल्लक राहिली की तिला कॉर्पस (कायम राखायचा मूळ निधी) म्हणायची सवयही सोडा. देणगीदाराने तसं लेखी दिलं असेल तरच तो कॉर्पस.

गोवंडीची कार्यकर्ती
ईमेलची अट मला मान्य. पण दुखणं करारातच आहे. पगार दर महिन्याला, हप्ता मात्र आधीच्या हप्त्याचा अहवाल मंजूर झाल्यावर. मधली फट संस्थेनेच भरायची. पहिल्याच हप्त्यात सहा महिन्यांचे पगार आणि "अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत पुढचा हप्ता" एवढी दोन कलमं हवीत. लहान संस्थेने मागितलं की "आमचा मसुदा ठरलेला आहे" असं उत्तर मिळतं. ज्यांना नाही म्हणणं कंपनीला जड जाईल, त्या मोठ्या संस्थांनी ती आधी मागावीत.