काळ्या मातीत गुलाब कसा जगवावा?

प्रश्न (बैलहोंगल): आमच्या परसातील काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून गुलाबाची मुळे कुजतात आणि उन्हाळ्यात तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वाळू मिसळावी काय?

उत्तर (अथणी): थोडीशी वाळू मुळीच घालू नये, कारण चिकण मातीत मिसळून वाळल्यावर ती विटेसारखी घट्ट होते. त्याऐवजी वीतभर उंच गादीवाफा करून कुजलेले शेणखत मिसळावे, वर उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे आणि वाफसा (माती ना चिकट ओली, ना कोरडी ठणठणीत) आल्याशिवाय कुदळ लावू नये.

उत्तर (खानापूर): आमच्या तांबड्या जांभ्या मातीचे दुखणे उलटे, पाणी ठरतच नाही, औषध मात्र तेच, शेणखत. जिप्सम (चिकण माती मोकळी करायला घालतात ते खनिज) माती परीक्षणात सोडियम जास्त आढळला तरच घालावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वाळूच्या ट्रॉलीला आजच नकार कळवतो.